पौषातील पहाट आणि आमची जुनी मोटार

हिवाळा लागला म्हणजे आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक नवा खेळ सुरू होतो. प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वी चार-दोन मुले एकत्र जमतात. त्यांपैकी एक जण घशातून 'खर्र-खर्र-खर्र' असा लांबलचक आवाज काढतो, दुसरा खोकतो, तिसरा एकदम 'भुर्र' करतो, आणि मग सर्वजण टाळ्या पिटतात. ही आमच्या मोटारीची नक्कल आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. नक्कल चांगली वठते. इयत्ता आठवीतील एक गृहस्थ तर मधली उचकी इतकी हुबेहूब काढतात की, एकदा आपली गाडी कोण चालू करीत आहे हे पाहावयास आम्ही स्वतः खिडकीशी गेलो होतो. मुलांच्या हसण्याचा आम्हांस राग नाही. परंतु ज्या आवाजास आपण हसतो तो कशाचा, त्या अर्ध्या मिनिटात बॉनेटच्या पत्र्याखाली कोणती झटापट चाललेली असते, हे हसणारास कळले तर हसण्याची गोडी वाढेलच, असे वाटल्यावरून संपादकांनी लेख मागताच आम्ही हा विषय घेतला.

ज्या पालकांनी सिमला किंवा श्रीनगर पाहिले आहे ते विचारतील की, छत्रपती संभाजीनगरात अशी कोणती थंडी पडते? प्रश्न रास्त आहे. येथे नळाचे पाणी गोठत नाही. तथापि आपले शहर समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून ५५० मीटरांहून अधिक उंचीवर वसले आहे. मार्गशीर्ष-पौषात आकाश निरभ्र व हवा कोरडी असते. दिवसा तापलेली काळी जमीन रात्री आपली उष्णता उघड्या आभाळाकडे टाकून मोकळी होते. त्यातच हिमालयात बर्फ पडून उत्तरेचे वारे इकडे वळले की चिकलठाण्याच्या वेधशाळेतील पारा १० अंशांच्या खाली उतरतो. दुपारी तोच पारा २८-२९ अंशांवर जाऊन बसतो. माणूस सकाळी स्वेटर घालतो, दुपारी काढून दप्तरात कोंबतो. मोटारीस ही सोय नाही. ती रात्रभर उघड्यावर उभी असते आणि पहाटे तिच्या लोखंडास हात लावला तर तो चटकन मागे घ्यावासा वाटतो.

आमची मोटार १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी होय. तिचे मूळ घराणे इटलीचे. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, मुंबईस कुर्ला येथे तिचा कारखाना झाला, आणि पुढे तेथे फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. त्यांतील जुन्या, गोल पाठीच्या गाडीस आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' असे नाव दिले. मराठी माणूस लाडाने नाव ठेवतो तेही असेच ठेवतो. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच गाडी चितोडच्या राणीचे नाव घेऊन पद्मिनी म्हणून विकली जाऊ लागली. डुकराची राणी झाली ती अशी! चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटरांचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती सर्वांच्या परिचयाची आहे. त्या टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. आमच्या वडिलांनी ही गाडी जुनी म्हणून विकत घेतली तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि आम्ही शाळेत जात होतो.

आता झटापटीकडे वळू. पेट्रोल जळते असे आपण म्हणतो, पण खरे पाहता पातळ पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याची वाफ. वाफ व्हावयास ऊब पाहिजे. वसतिगृहाच्या दोरीवर वाळत घातलेला सदरा वैशाखात तासाभरात कडक होतो आणि पौषात दुसऱ्या दिवशीही काखेत दमट राहतो, हे ज्याने अनुभवले आहे त्यास ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यांतील हलके असतात ते थंडीतही उडतात, जड असतात ते हट्ट धरून बसतात. कार्ब्युरेटर नावाचे एक लहानसे यंत्र असते, ते आत ओढल्या जाणाऱ्या हवेत पेट्रोलचे तुषार मिसळते. वजनाने मोजल्यास एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, हे पुरे जळण्याचे प्रमाण. इंजिन गरम असता हे प्रमाण ठीक चालते. परंतु इंजिन थंड असता त्यातील बरेचसे पेट्रोल वाटेतच थंड नळीच्या भिंतींना दवासारखे चिकटून राहते, आणि सिलिंडरपर्यंत पोहोचते ती जवळजवळ नुसती हवा. ठिणगी पडते, पण पेटावयास काही नसते. मुले जी 'खर्र-खर्र' करतात ती याच अवस्थेची.

यावर उपाय म्हणून जुन्या गाडीत चोक असतो. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गळा आवळणे असा आहे. नाव क्रूर आहे, काम मात्र दयेचे. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक गोल चकती असते. चोक ओढला की ती आडवी होऊन हवेची वाट अडविते. हवा कमी झाली की इंजिनाची ओढ पेट्रोलवर पडते व पेट्रोल प्रमाणाहून जास्त येते. त्यातील पुष्कळसे भिंतींना चिकटले तरी पेटण्यापुरती वाफ सिलिंडरात जातेच. ज्या पालकांनी तरुणपणी स्कूटर वापरली आहे त्यांना येथे आपल्या स्कूटरची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. थंडीत दहा किक मारूनही ती दाद देईना म्हणजे तिला इंजिनाच्या बाजूस पार आडवी करीत, क्षणभर तशीच धरीत, मग उभी करून अकरावी किक मारीत. शेजारची मुले हे पाहावयास जमत. त्या आडवे करण्यामागे काही मंत्रतंत्र नव्हते. कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल थोडे पुढे सांडून मिश्रण दाट व्हावे एवढाच हेतू. चोकचे काम माणूस आपल्या खांद्याने करीत असे, इतकेच.

पेट्रोलची कथा ही अशी. तेलाची कथा समजावयास घरातील खोबरेल तेलाची बाटली पाहावी; पौषात ती उलटी केली तरी थेंब पडत नाही. इंजिनातील तेल खोबरेलासारखे गोठत नाही, पण दाट होते, आणि ते दाट झाले की इंजिन फिरविणे जड जाते. ते फिरविणार कोण? बॅटरीवर चालणारी सेल्फची मोटर. आणि बॅटरी म्हणजे शिसे व आम्ल यांची सहा खणांची रासायनिक पेटी. थंडीत तिच्यातील क्रिया मंदावते. म्हणजे ज्या दिवशी खर्च सर्वांत मोठा त्याच दिवशी थैली सर्वांत हलकी. बरे, एवढ्यावरही संपत नाही. सेल्फने वीज ओढली की बॅटरीचा दाब उतरतो, आणि प्लगची ठिणगी त्याच बॅटरीतून येत असल्यामुळे तीही निस्तेज होते. कोठे काय अडते हे एकदा ध्यानात आले म्हणजे गाडी चालू होत नाही याचे नवल वाटत नाही; ती चालू होते याचेच वाटते.

आम्हांस हे शहाणपण पुस्तकातून आले नाही. चेलीपुऱ्याकडील एका गल्लीत एक वृद्ध उस्ताद बसतात. आमच्या वडिलांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हातची. पदवीपरीक्षेस आम्ही पदार्थविज्ञान घेतले होते, त्याचा आम्हांस त्या वयात थोडा अभिमानही होता. पण वाफेचा तास त्यांनी घेतला तसा कोणी घेतला नाही. एकदा आम्ही कार्ब्युरेटरविषयी काही विद्वत्तापूर्ण बोलत असता ते शांतपणे पाना पुसत म्हणाले, "मास्टरसाब, सुबू सुबू उसकू डांटना नक्को. पैले चोक देव, फिर सबर करो." आमच्या मते या दोन वाक्यांत सारे येते. उरतो तो तपशील.

तपशील असा. गाडी दोन-चार दिवस उभी असली तर कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल उडून गेलेले असते, म्हणून पहिल्या प्रयत्नाकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. दिवे, पंखा वगैरे सर्व बंद. क्लच पूर्ण दाबून धरावा, म्हणजे गिअरपेटीतील दाट तेल घुसळण्याचे कष्ट तरी सेल्फला पडत नाहीत. अॅक्सिलरेटर एकदोनदा दाबून सोडावा. चोक पूर्ण ओढावा. आणि मग पाय अॅक्सिलरेटरवरून काढून घेऊन सेल्फ मारावा, तोही दहा सेकंदांहून अधिक नाही. नाही लागली तर थांबावे. हे थांबणे फार कठीण आहे. अर्धा मिनिट बॅटरीस दम घेऊ दिला तर तिच्यात थोडा जीव परत येतो. परंतु घाईतील माणूस अर्ध्या मिनिटाऐवजी तीन वेळा सेल्फ मारतो, पायाने पेट्रोलवर पेट्रोल ओततो, प्लग ओले होतात, आणि गाडी त्या दिवसापुरती हात टेकते. प्लग ओले झालेच तर उलट करावयाचे: चोक पूर्ण आत, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, म्हणजे हवेचा झोत आत जाऊन साचलेले पेट्रोल निघून जाते. गाडी लागल्यावर चोक एकदम सोडू नये, आणि विसरूनही राहू नये. दाट मिश्रण फार वेळ चालले तर न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन नेते. इंजिन जसजसे तापेल तसतसा चोक बोटाबोटाने आत ढकलावा, आणि ते ऊबदार होईपर्यंत त्यास जोराने पळवू नये. वेळापत्रक करणारे आमचे सहकारी जानेवारीतही पहिल्या तासाला बीजगणित ठेवतात, त्यांनी या शेवटच्या वाक्याचा विचार करावा अशी आमची नम्र सूचना आहे.

त्या वेळी मागील नळीतून जो पांढरा लोट निघतो त्यास मुले धूर म्हणतात. तो बहुतांशी पाण्याची वाफ आहे. पेट्रोलातील हायड्रोजन हवेतील प्राणवायूशी मिळून पाणी होते, आणि हिशेब केला तर एक लीटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लीटर पाणी तयार होते. एरवी ते अदृश्य होऊन जाते; थंडीत दिसते. काळा लोट निघाला तर मात्र तो खरोखर धूर, चोक फार वेळ राहिल्याची खूण. आणि या दोन्हींत न दिसणारा कार्बन मोनॉक्साइड असतो, तो दोघांहून वाईट. म्हणून बंद खोलीत किंवा दार लावलेल्या गॅरेजात गाडी तापवीत उभी करणे हे जिवावर बेतणारे काम आहे, हे येथे स्पष्ट सांगून ठेवतो.

या धुराचा प्रश्न आमच्या घरी पुस्तकी नाही. आमच्या मातोश्रींना दम्याचा विकार आहे. हिवाळ्यात तो बळावतो. त्यामुळे पौषात गाडी चालू करावयाची झाली तर आम्ही व आमचे चिरंजीव ती आधी ढकलून फाटकाबाहेर रस्त्यावर नेतो, आणि मगच सेल्फ मारतो. चिरंजिवांचे या प्रथेविषयीचे मत फारसे अनुकूल नाही. जी गाडी आजीला दवाखान्यात नेण्यासाठी ठेवावयाची तीच आजीला दवाखान्यात पाठविणार असेल तर ती ठेवावी कशाला, असा त्यांचा सवाल आहे. आणि सवाल बिनतोड आहे.

काही वर्षांमागील जानेवारीत एका रात्री, पावणेचारच्या सुमारास, मातोश्रींचा श्वास कोंडला. नेहमीच्या औषधाचे दोन झोत घेऊनही उतार पडेना. पत्नी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेसाठी दूरध्वनी करू लागली आणि आम्ही गाडीकडे गेलो. काचेवर दव साचले होते. त्या रात्री गाडी ढकलून बाहेर न्यावी की जागीच चालू करावी याचा विचार करावयास दोन क्षण गेले, शेवटी ढकललीच. मातोश्री शाल पांघरून ओट्याच्या पायरीवर बसल्या होत्या. श्वासागणिक त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज निघे, तो आम्हांस फाटकाबाहेर ऐकू येत होता. चोक ओढला, सेल्फ मारला. इंजिन जड जड फिरले, एकदा खोकले आणि बंद पडले. आता अर्धा मिनिट थांबावयाचे. वर्गात आम्ही मुलांना अर्धा मिनिट शांत बसा म्हणून सहज सांगतो; अर्धा मिनिट म्हणजे केवढा काळ हे आम्हांस त्या रात्री समजले. पाय आपोआप अॅक्सिलरेटरकडे जात होता, तो आम्ही उचलून घेऊन आसनाखाली दुमडून ठेवला. दुसऱ्या खेपेस दोन सिलिंडरांनी हुंकार दिला, गाडी थरथरली, पण चौघांचे जमले नाही. पुन्हा अर्धा मिनिट. एकीला हवा पुरत नव्हती, दुसरीची हवा आम्ही मुद्दाम अडवून धरली होती, आणि दोघींच्या मध्ये आम्ही घड्याळाकडे पाहत उभे, अशी ती स्थिती! तिसऱ्या खेपेस गाडी लागली. तरीही लगेच निघता आले नाही. चोक तसाच धरून मिनिटभर तिला आपल्या पायांवर उभे राहू द्यावे लागले, तेवढ्यात चिरंजिवांनी आजीला धरून आणून मागच्या आसनावर बसविले. पत्नीने रुग्णवाहिका नको म्हणून कळविले. खाम नदीवरील पूल ओलांडून भडकल दरवाजावरून घाटीच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत रस्त्यावर चार-पाच वाहनेच भेटली असतील. वाटेत कोणी बोलले नाही. ज्यांना प्रार्थना करावयाची त्यांनी ती मनातच केली.

रुग्णालयात प्राणवायू लावला, वाफेतून औषध दिले, आणि उजाडेपर्यंत मातोश्रींचा श्वास सरळ झाला. बोलण्याइतके बरे वाटताच त्यांनी आम्हांस जवळ बोलाविले. आम्हांस वाटले, काही मायेचे बोलतील. त्या म्हणाल्या, "तुझे पप्पा दोन सेल्फात लावीत असत. तुला तीन लागले."

सेल्फ नसता तर काय झाले असते, हाही विचार त्या दिवशी मनात येऊन गेला. पूर्वी मोटारी हँडल मारून चालू करीत. आपल्याकडील अँबेसडर गाडीलाही पुढून हँडल घालण्याची सोय होती, आणि बॅटरी उतरल्यावर तिचाच आधार असे. हँडल मारण्याचे एक शास्त्र होते: ते खालून वर ओढावयाचे, वरून खाली रेटावयाचे नाही, आणि अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूसच ठेवावयाचा, दांड्याला विळखा घालावयाचा नाही. कारण ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलट झटका देते आणि मनगट मोडते. हा प्रकार पाश्चात्त्य देशांत इतका सर्रास झाला की, मनगटाजवळच्या एका अस्थिभंगास डॉक्टर लोक आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या अभियंत्याने विजेचा सेल्फ सिद्ध केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत तो बसविण्यात आला. मनगटे वाचली. बॅटरीवरचा भार वाढला.

अलीकडे या झटापटीत आणखी एक पात्र आले आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून, त्याचप्रमाणे मका व तुकडा तांदूळ यांपासूनही होते. त्याची वाफ व्हावयास पेट्रोलहून बरीच अधिक उष्णता लागते, आणि त्याच्या अंगीच प्राणवायू असल्याने मिश्रण पातळ पडते; म्हणजे थंड इंजिनास जे नको नेमके तेच. ब्राझील देशाने हा अनुभव आपल्या फार आधी घेतला. तेथे १९७९ साली फियाटनेच, म्हणजे आमच्या पद्मिनीच्या माहेरच्यांनीच, १४७ नावाची केवळ इथेनॉलवर चालणारी गाडी विकावयास काढली. उन्हाळ्यात ती छान चाले. पण शुद्ध इथेनॉलची वाफ सुमारे १३ अंशांच्या खाली ठिणगीस दाद देत नाही, आणि पेट्रोलची मात्र शून्याखाली ४० अंशांवरही देते. तेव्हा इथेनॉलवर चालणाऱ्या गाडीत थंड सकाळी वापरावयास पेट्रोलची एक छोटीशी वेगळी टाकी बसवावी लागली. आमच्या टाकीत पाचांत एकच भाग इथेनॉल असल्यामुळे तशी पाळी नाही; चोक पूर्वीपेक्षा थोडा अधिक वेळ धरावा लागतो, आणि रबराच्या जुन्या नळ्या फुगू नयेत म्हणून उस्तादांनी त्या बदलून दिल्या आहेत.

येथे एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. मराठवाड्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कारखान्यांकडे निघून जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आमच्या वर्गांत अशा घरची मुले आहेत. आईबाप फडात, मूल वसतिगृहात. ज्या पहाटे आम्ही चोक धरून कुडकुडत बसतो त्याच पहाटे ती माणसे अंधारात कोयते घेऊन फडात उतरलेली असतात, आणि त्यांनी तोडलेल्या उसाचा काही अंश फिरत फिरत आमच्या टाकीत येत असेल. नक्कल करणाऱ्या मुलांत अशी दोन मुले आहेत. त्यांना आम्ही हे अद्याप सांगितलेले नाही. या अंकात वाचतील.

चिरंजिवांचा सवाल अजून शिल्लक आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे टिकते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क ६०० रुपये होते, ते २०२२ च्या एप्रिलपासून ५,००० झाले आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारीस २०२५ साली १०,००० झाले. सरकारचा रोख कोणीकडे आहे हे समजावयास बृहस्पतीची बुद्धी नको. नव्या गाडीचा धूर कमी असतो, तिच्या नळीत तो शुद्ध करण्याची सोय असते, आणि पौषातही ती बटणासरशी लागते. पावणेचार वाजता घरात दम्याचा रोगी असता हे काही लहानसहान गुण नव्हेत. 'जुने ते सोने' म्हणून मान डोलविणारांतले आम्ही नाही. आमचे म्हणणे निराळेच आहे. नव्या गाडीतून चोक गेला असे लोक समजतात, पण तो गेलेला नाही. तिच्या इंजिनात उष्णता मोजणारे एक यंत्र असते, ते आतल्या संगणकास सांगते की आज गारठा आहे, आणि संगणक तेवढ्यापुरते पेट्रोल वाढवितो. उस्तादांचे 'पैले चोक देव' तेथेही पाळले जाते. फक्त पाळणारा दिसत नाही. वाळूजला १९८५ पासून दुचाक्या-तिचाक्या तयार होतात, शेंद्र्याला २००१ पासून परदेशी बांधणीच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. वाहनांच्या अशा शहरात वाढणाऱ्या मुलाने इंजिन थंडीत का कण्हते हे एकदा तरी आपल्या कानाने ऐकावे आणि त्याच्या तळहाताला ते कळावे, एवढ्यासाठी ही गाडी आम्हांस मोडीत टाकवत नाही. मातोश्रींसाठी नवी, धूर न करणारी एखादी गाडी घ्यावी, हे चिरंजिवांचे म्हणणे आम्ही मान्य केले आहे. हप्त्यांचा हिशेब चालू आहे. पद्मिनीचे काय करावयाचे, यावर घरात दोन तट आहेत, आणि मातोश्री आमच्या तटात आहेत.

नाताळापूर्वी कार्ब्युरेटर साफ करून घ्यावा म्हणून गाडी उस्तादांकडे नेली होती. त्यांचे दोन्ही पुत्र त्याच धंद्यात आहेत. ते नव्या गाड्यांना तार जोडून हातातल्या पडद्यावर दोष वाचतात, आणि उत्तम वाचतात. कार्ब्युरेटर मात्र म्हातारेबुवांशिवाय कोणी उघडीत नाही. पितळेचे जेट म्हणून बारीक छिद्रांचे तुकडे त्यात असतात, त्यांवर तिळाएवढे आकडे कोरलेले असतात. पूर्वी ते आकडे उस्ताद नुसते उजेडाकडे धरून सांगत. या खेपेस त्यांनी एका जुन्या डब्यातून जेट काढून एकेक करून आमच्या तळहातावर ठेवले. आम्ही चष्मा पुसून आकडा वाचावयाचा, त्यांनी 'हौ' किंवा 'नक्को' म्हणावयाचे. सातव्या तुकड्यास ते 'हौ' म्हणाले, आणि पाना घेऊन खाली वाकले.